मुक्ताबाईंचं काम

"आईनं अभिनय केलेलाच नाही," हे वाक्य सतीशनं वर्षभरात इतक्यांदा म्हटलं होतं की ते आता त्याच्या जिभेवरच राहायला आलं होतं. कचेरीत चहाच्या वेळेला म्हणायचा, नाटकाच्या तालमीत म्हणायचा. एकदा सोलापूरच्या भवानी पेठेतल्या न्हाव्याच्या खुर्चीत, गळ्याला फडकं बांधलेलं असतानाही म्हणाला. ऐकणारे हसायचे. त्यांना वाटायचं, पोरगा आईचं कौतुकच करतोय. किती सहज करते म्हातारी, असं म्हणायचंय त्याला.

त्याला तसं म्हणायचं नव्हतं. त्याला जे म्हणायचं होतं तेच तो म्हणत होता.

सतीश पाटबंधारे खात्यात लिपिक होता. पोटासाठी ती नोकरी, आणि बाकी सगळा जीव नाटकात. कॉलेजात असल्यापासून तो राज्य नाट्य स्पर्धेत काम करत आला होता. आवाज तयार व्हावा म्हणून पहाटे उठून बाराखडी घोकली, एका लंगड्या माणसाच्या भूमिकेसाठी दोन महिने कचेरीत लंगडत गेला, साहेबाची बोलणी खाल्ली. केस पांढरे होईपर्यंत त्याच्या वाट्याला आली ती उत्तेजनार्थ प्रमाणपत्रं.

आणि मुक्ताबाई, त्याची आई, हिनं जन्मात कधी तोंडाला रंग लावला नव्हता. मूळची वैरागकडची, लग्न होऊन सोलापुरात आली. नवरा यशवंत गिरणीत होता. गिरणी बंद पडली तशी ही टॉवेलच्या कारखान्यात गाठी मारायला जाऊ लागली आणि त्याच्यावर तिनं पोराला शिकवलं. सतीशच्या नाटकांना ती यायची, पण दुसऱ्या अंकात हमखास पेंगायची.

दोन वर्षांमागं पुण्याचा अभिमन्यू नावाचा दिग्दर्शक सोलापुरात सिनेमासाठी माणसं निवडायला आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या पडलेल्या एका शाळेत ऑडिशन होती. सतीशला त्याच दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं, म्हणून तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून तो आत गेला. आत त्यानं जीव तोडून एक स्वगत म्हटलं. अभिमन्यू ऐकता ऐकता खिडकीबाहेर बघत होता. बाहेर मुक्ताबाई शाळेच्या शिपायाला झापत होती, नळ चालू ठेवून कुठं उलथला होतास म्हणून.

"ती बाई कोण?" अभिमन्यूनं विचारलं.

"माझी आई," सतीश म्हणाला, आणि तिथंच सगळं उलटं झालं.

मुक्ताबाईला मुख्य भूमिका मिळाली. परगावी गेलेल्या मुलाची वाट बघणाऱ्या खेड्यातल्या म्हातारीची. सतीशला तलाठ्याची दोन वाक्यं मिळाली, तीही पुढं संकलनात उडाली. त्याचा तालमीतला जुना दोस्त बिभीषण, त्याला मुलाच्या मरणाची बातमी घेऊन येणाऱ्या गावकऱ्याचं काम मिळालं.

तो प्रसंग म्हणजेच सगळा सिनेमा, असं लोक म्हणत. म्हातारी उंबऱ्याशी जोंधळे पाखडत बसलेली असते. गावकरी येतो, सांगतो, तुझा पोरगा ट्रकखाली गेला. म्हातारी रडत नाही. सूप हलत राहतं, जोंधळे सांडतात, सूप रिकामं होतं, तरी ती पाखडतच राहते. मग मान वर करून त्या माणसाकडं बराच वेळ बघते आणि म्हणते, "उन्हातनं आलास. पानी पी आदी."

बस्स. एवढ्यावर एका मोठ्या महोत्सवात मुक्ताबाईला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मोठमोठ्या नट्या मागं पडल्या. पेपरवाल्यांनी तिच्या मौनावर रकाने भरले. संयम, संयम आणि संयम.

सतीशच्या डोक्यात तिडीक जायची. अभिनय म्हणजे जाणून केलेली गोष्ट, असं तो मानत आला होता. आई घरी पाखडते, तशी तिथं पाखडत बसली. घरी आल्यागेल्याला पाणी विचारते, तसं तिथं विचारलं. समोर कॅमेरा होता, इतकंच. याला अभिनय म्हणायचं, तर आम्ही जन्मभर तालमी केल्या त्या कशाला? हा राग त्यानं आईसमोर कधी काढला नाही. पण तिच्याशी बोलणं मात्र कमी कमी होत गेलं. ती विचारायची, "जेवतोस का?" तो म्हणायचा, "ठेव." त्याची बायको धम्मप्रिया एकदा सरळच म्हणाली, "आईवर जळणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय." त्यावर तो दोन दिवस तिच्याशीही बोलला नाही.

मग शहरातल्या फिल्म सोसायटीनं मुक्ताबाईचा सत्कार ठरवला. रविवारी सकाळी अकरा वाजता, नाट्यगृहात. याच रंगमंचावर सतीशनं इतकी वर्षं कामं केली, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. त्या दिवशी लोक पायऱ्यांवर बसले होते. मुक्ताबाई पांढऱ्या साडीत, खांद्यावर शाल, मांडीवर पुरस्काराची बाहुली घेऊन बसली होती. शेजारी अभिमन्यू. मुलाखत घ्यायला सोसायटीचे प्राध्यापक शिवयोगी. सतीश आणि धम्मप्रिया दुसऱ्या रांगेत.

शिवयोगींनी मुक्ताबाईला विचारलं, "एवढा अवघड प्रसंग कसा केलात?"

ती म्हणाली, "केला की. जमला तसा."

लोक खूश होऊन हसले. शिवयोगींनी माईक अभिमन्यूकडं वळवला.

"खरं सांगू का," अभिमन्यू म्हणाला, "तो अभिनय नव्हताच."

सतीश खुर्चीत ताठ बसला. आपलंच वाक्य, आणि तेही दिग्दर्शकाच्या तोंडून. क्षणभर त्याला बरं वाटलं. त्यानं धम्मप्रियाकडं बघितलंसुद्धा, ऐकलंस का, अशा नजरेनं.

"त्या दिवशी मी मुक्ताबाईंना काही सांगितलंच नव्हतं," अभिमन्यू पुढं म्हणाला. "म्हटलं, आज फक्त तुमच्या हातांचं चित्रण आहे, पाखडत बसा. नट शोक करतो तेव्हा खोटा करतो, आणि मला खोटं नको होतं. मला कळलं की त्यांचा मुलगा सतीश त्या दिवशी सरकारी कामानं मोडनिंबला गेलाय. मग बिभीषणला सांगितलं, सिनेमातल्या मुलाचं नाव घेऊ नकोस. त्यांच्या खऱ्या मुलाचं घे. जा आणि सांग, मोडनिंबजवळ सतीशला ट्रकनं उडवलं, जागेवर गेला. नंतर आवाज भरताना आम्ही नाव बदललं. पण पडद्यावर तुम्ही जे बघता ते खरं आहे. एका आईनं मुलाच्या मरणाची बातमी ऐकली तो खरा क्षण."

सभागृहातून एक सुस्कारा गेला. आणि मग टाळ्या झाल्या. आधी पुढच्या रांगांत, मग मागं, मग पायऱ्यांवर. शिवयोगींनी चष्मा काढून डोळे पुसले.

सतीशला टाळ्या लांबून ऐकू येत होत्या, बंद दाराआडून याव्यात तशा. तो दिवस त्याला आठवत होता. मोडनिंबला कालव्याची पाहणी होती. दुपारी तिथल्या हॉटेलात त्यानं मिसळ खाल्ली होती. परत आल्यावर आई चित्रीकरणाहून आलेली होती, भिंतीला टेकून बसली होती. तो कपडे बदलत असताना तिनं त्याचा हात धरला होता, उगाच. त्यानं हात सोडवून घेतला होता, कारण त्याच दिवशी त्याला कळलं होतं की तलाठ्याची दोन वाक्यं एकच होणार आहेत.

तो उभा राहिला.

"किती वेळ?" त्यानं विचारलं. रंगभूमीवर कमावलेला आवाज, माईकची गरज नव्हती. "किती वेळ तिला खरं वाटू दिलंत?"

अभिमन्यूनं डोळ्यांवर हात धरून खाली बघितलं. "शॉट संपेपर्यंत. मग लगेच सांगितलं. सगळ्या युनिटनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी स्वतः पाया पडलो त्यांच्या."

"तुम्ही ज्याला मारलंत तो मी."

मग शिवयोगी माईकमध्ये म्हणाले, "काय योग आहे बघा. प्रत्यक्ष मुलगाच आपल्यात बसलाय." आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

सतीश पायऱ्या चढून वर गेला. अभिमन्यू उठला, त्यानं मिठी मारायला दोन्ही हात पसरले. सतीशनं त्याच्या छातीवर पंजे ठेवून ढकललं. अभिमन्यू खुर्चीसकट मागं पडला, माईकचा कर्कश आवाज झाला, आणि सभागृहात सगळीकडं मोबाइल वर झाले. कोणीतरी सतीशचा दंड धरला. तो हिसडे देत होता आणि त्याच्या तोंडून एकच शब्द येत होता, "नालायक. नालायक."

मुक्ताबाई उठली. शाल खुर्चीवर ठेवली, बाहुली मात्र काखेत मारली.

"सतीश," ती म्हणाली. "घरी चल."

रिक्षात कोणी बोललं नाही. घरी आल्यावर धम्मप्रियानं दार लावून घेतलं. सतीश पलंगाच्या कडेला बसला.

"मला सांगितलं का नाहीस?" त्यानं विचारलं.

"काय सांगू? तुज्या मरनाची बातमी व्हती ती. तुलाच कशी सांगू?" मुक्ताबाई खाली बसली. "आनि तू तवा माज्याशी धड बोलत हुतास व्हय?"

त्याला आणखी राग आला. "त्यानं तुला लुबाडलं, आई. ती बाहुली तुझी नाही. तुझं रडू त्यानं विकलं."

"रडले कुटं मी?"

"आत्या, तुम्हाला खरंच वाटलं होतं का?" धम्मप्रियानं सासूला हळू विचारलं.

मुक्ताबाईनं आपल्या तळहातांकडं बघितलं.

"आदी वाटलं. न्हाय म्हनत न्हाय. हात थांबंना झाले, जोंधळं सांडलं ते तवाच. मग बिभीषणकडं बगितलं. आपल्या घरात जेवल्याला मानूस. तू गेला असतास तर तो रडत आला असता, दारात पडला असता. हा निस्ता उभा. नाटकात बोलतो तसं बोलला, एकेक अक्षर सुटं. आनि त्याच्या मागं त्यो कॅमेरा हळूच पुडं सरकला. तवा कळलं मला, ह्यांनी काय केलंय ते."

"कळलं होतं?" सतीशचा आवाज चिरकला. "मग उठली का नाहीस? तिथंच कानाखाली का नाही दिलीस?"

"असा राग आला की काय सांगू. म्हनलं, ह्यांना माजं रडनं पायजे. पोराला मारून रडनं पायजे. तर ते मी देनार न्हाय. काय बी झालं तरी देनार न्हाय. तोंड उगडलं तर शिवी यील, म्हनून पानी पी म्हनलं. आनि सूप चालूच ठेवलं, कारन सिनेमातली ती बाई काय उठली नसती. तिला कुटं म्हाईत हाय कॅमेरा? ती पाखडतच बसली असती. ते ध्यानात ठेवलं मी."

सतीश तिच्याकडं बघत राहिला. त्या बाईला काय माहीत आहे आणि काय नाही, हे ध्यानात ठेवायचं. तो तालमीत नव्या पोरांना हेच सांगायचा, आणि त्यांना ते वर्षानुवर्षं जमायचं नाही.

"शॉट संपल्यावर त्याला सांगितलंस, की तुला कळलं होतं?"

"सांगितलं की. तो ऐकतोय कुटं. पाया पडत हुता आनि टाळ्या वाजत हुत्या."

"पण पहिला धक्का तर खराच होता," सतीश म्हणाला. त्याला ते सोडवत नव्हतं. "तो नसता तर पुढचं जमलं नसतं तुला."

मुक्ताबाईनं मान वर केली. आता तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो सतीशवर होता.

"ऊठ," ती म्हणाली. "तितं दारात हुबा ऱ्हा. आनि सांग मला."

"काय?"

"सतीश मेला म्हनून सांग. बिभीषणसारकं नको, नीट सांग."

"आई, काहीतरी काय."

"तू मोटा नट हायेस न्हवं? सांग."

तो उठला. दाराशी जाऊन उभा राहिला. कितीतरी नाटकांत त्यानं मरणाच्या बातम्या आणल्या होत्या. "मावशी," तो म्हणाला, आणि थांबला. मग कसंबसं म्हणाला, "सतीश गेला. मोडनिंबजवळ. ट्रक होता."

हातात काही नव्हतं तिच्या. सूप नव्हतं, जोंधळे नव्हते. पण तिचे हात हलायला लागले आणि धम्मप्रियाला वाटलं, फरशीवर दाणे सांडताहेत. सिनेमातल्यासारखं नव्हतं ते. या वेळी ती त्याच्याकडं बघतच नव्हती. पाखडता पाखडता तिनं एक खडा वेचला, चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि बाजूला टाकला, आणि पुन्हा पाखडायला लागली. समोर उभ्या असलेल्या मुलाला त्या क्षणी स्पष्ट कळलं की आपण मेलो आहोत. त्याला दाराची कडी धरावी लागली.

मग तिचे हात थांबले.

"आता कुनी फसवलं मला?" तिनं विचारलं. "तो खोटं बोलला, येवडंच त्याचं. काम मी केलंय. तो सभेत म्हनला, अबिनय न्हवता. तू बी गावभर त्येच म्हनत फिरलास. मला काय ऐकू येत न्हाय असं वाटलं व्हय तुला?"

सतीश खाली बसला. आपल्याला रडू येईल असं त्याला वाटलं, पण आला तो रागच. अभिमन्यूचा होता, टाळ्या वाजवणाऱ्यांचा होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. वर्षभर तो आणि तो पुणेकर एकच वाक्य बोलत होते.

दुसऱ्या दिवशी तो तालमीच्या जागी गेला. बिभीषण एकटाच सतरंजी झाडत होता. सतीशला बघून त्यानं सतरंजी खाली ठेवली.

"तुला वाटलं तिला ठाऊक आहे, असं म्हण," सतीश म्हणाला. "तेवढं तरी म्हण."

"नाही," बिभीषण म्हणाला. "मला माहीत होतं, तिला काही सांगितलेलं नाही."

"मग?"

"त्यानं सांगितलं, जमत नसेल तर दुसरा माणूस आहे. मला काम पाहिजे होतं, सतीश. जन्मात पहिल्यांदा पडद्यावर येणार होतो." त्यानं सतरंजीची कड पायानं सरळ केली. "माझ्या जागी तू असतास, तर नाही म्हणाला असतास?"

सतीश "असतो" म्हणाला. पण ते म्हणायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढा दोघांनीही मोजला. त्यानं बिभीषणच्या कानशिलात लगावली आणि तो निघून आला. त्यानंतर ते दोघं एका नाटकात उभे राहिले नाहीत.

पेपरात जे यायचं ते आलंच. पुरस्कारविजेत्या आईच्या सत्कारात मुलाचा थयथयाट. सिनेमातलं काम कापल्याचा राग असल्याची चर्चा. सतीशनं वार्ताहराला बसवून सगळं सांगितलं होतं, त्यातलं काहीच छापलं नव्हतं. मोबाइलवर त्या बातमीखाली लोक लिहीत होते, असा मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा. कचेरीत साहेबानं बोलावून समज दिली. जळत होतास ना, असं कोणी तोंडावर म्हणालं की त्याला नाही म्हणता यायचं नाही. जळत होताच तो. पण त्याच्या जळण्यानं दुसऱ्याचं पाप धुतलं जातंय, हे त्याला सहन होत नव्हतं.

पावसाळ्यानंतर त्याच सिनेमासाठी मुक्ताबाईला मुंबईत दुसरा पुरस्कार जाहीर झाला. अभिमन्यूच्या ऑफिसातून फोन आला, गाडी पाठवतो. मुक्ताबाई म्हणाली, "येते. पन तो हुबा ऱ्हानार असंल तितं मी हुबी ऱ्हानार न्हाय." पुन्हा फोन आला नाही.

समारंभ त्यांनी घरी मोबाइलवर बघितला. दुपारची जेवणं चालली होती. मुक्ताबाईच्या नावाचा पुकारा झाला आणि अभिमन्यूच वर गेला. बाहुली हातात घेऊन म्हणाला, "मुक्ताबाई आज येऊ शकल्या नाहीत. त्यांची तब्येत बरी नसते अलीकडे. त्यांना अभिनय येत नाही, त्या फक्त खऱ्या असतात. हा पुरस्कार मी त्या खरेपणाच्या वतीनं घेतो."

मुक्ताबाईनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"मला काय झालंय?" तिनं विचारलं.

"काही नाही," धम्मप्रिया म्हणाली.

"तुजा मोबाइल काड, सतीश. धर माज्यावर."

सतीशनं हात पुसले आणि मोबाइल धरला. हात धुवायलाही ती उठली नाही, पदर तेवढा सारखा केला. आणि बोलली, एकदाही न अडखळता.

"मी मुक्ताबाई. मला काय बी झालेलं न्हाय, जेवत हाय. ह्या मानसानं माजा पोरगा मेला म्हनून मला खोटं सांगितलं आनि कॅमेरा चालू ठेवला. ते खोटं हाय हे मला तितंच कळलं. पुडचं काम मी कळून सवरून केलंय. येत न्हाय म्हनतोय, त्याला इचारा, मग बक्षीस कशाचं घेतलंस? ते माजं हाय. आनून द्या." ती थांबली. "बंद कर आता."

हा व्हिडिओ सतीशनं जसाच्या तसा टाकला. दोन दिवसांत तो कुठल्या कुठं गेला. ज्यांनी सतीशला शिव्या घातल्या होत्या, त्यांतलेच काही आता अभिमन्यूला घालू लागले. एका महिला संघटनेनं निवेदन काढलं. शिवयोगी सरांनी फोन करून सांगितलं की आपल्याला तेव्हाच खटकलं होतं. सतीशनं बोलणं ऐकून न घेता फोन ठेवला. अभिमन्यूनं लिहिलं की गैरसमज झालाय, आपल्या मनात आदरच होता. मुक्ताबाईला मात्र त्यानं फोन केला नाही. दिवाळीच्या आधी एक ड्रायव्हर बाहुली घेऊन आला आणि पोच म्हणून सही मागू लागला. मुक्ताबाईनं सही केली, त्याला फराळ दिला, आणि बाहुली पहिल्या बाहुलीशेजारी कपाटावर ठेवली.

सिनेमा अजून दाखवतात. लोक अजून त्या प्रसंगाला हुंदके देतात. कचेरीत कोणी नवा माणूस आला की सतीशला विचारतो, "साहेब, तुमच्या मातोश्रींचं ते खरं होतं की अभिनय हो?"

प्रश्न साधाच असतो, पण सतीशच्या कपाळाची शीर उडायला लागते. तो फाइल मिटतो, समोरची खुर्ची ओढून त्या माणसाला बसायला सांगतो आणि म्हणतो, "अभिनय होता. माझ्या आईनं केलेला. आता कसा होता ते ऐक, आणि पूर्ण ऐकल्याशिवाय उठू नकोस."